आकडा वाढला

३ जानेवारी, शुक्रवार

झोपलो न्हाई. काल पण न्हाई, परवा पण न्हाई. आडवं झालं की छातीत पाणी भरल्यागत हुतंय. उठून बसलं की जरा जातंय. म्हणून भितीला टेकून बसतो, बाळ मांडीवर घेऊन. ती झोपतीया मस्त! तिला काय!

सहा आठवडं झालं तिला. तवापास्नं माझं पाय सुजल्यात ते उतरंनात. आत्ती, म्हंजे माझी सासू, म्हणाल्या बाळंतीण सुजतीच, आम्ही काय सुजलो न्हाई व्हय. मी पण तेच धरून बसलो. काल आशाताई आली, स्वप्नाली, बाळाचं वजन करायला. माझ्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिनं खड्ड्याकडं बगितलं, माझ्या तोंडाकडं बगितलं आणि म्हणाली, चप्पल घाल.

मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाचा फोटो काढला, रक्त घेतलं. डॉक्टरीण सुष्मिता मॅडम. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्सांनी मोठी आसंल. म्हणाली बाळंतपणात हृदय दमलंय, ढिलं पडलंय, काही बायकांना असं हुतंय. गोळ्या दिल्या. मीठ बंद. आणि रक्तातला एक आकडा निघाला त्याला पेनानं गोल केला — १८४०. ह्या आकड्यावरनं पुढं काय हुईल त्याचा अंदाज येतो म्हणाली. पंधरा दिवसांनी परत बघायचा.

पुढं काय हुईल. म्हंजे मी जगतो का मरतो ते. तोंडानं कोण म्हणालं न्हाई, पण मला काय कळत न्हाई व्हय!

ही वही ह्यांना, म्हंजे माझ्या नवऱ्याला, फौंड्रीत नव्या वर्साची मिळाली. ते कुठं लिवणार हायत. मी घेतली. पयल्या पानावर घरच्यांचं फोन नंबर लिवायला जागा हाय तिथं सगळ्यांचं लिवलं. भावाचा, सिदूचा, पण लिवला. लिवला म्हणून काय झालं, करणार न्हाई.

कुणी ही वही वाचली तर हात मोडीन.

४ जानेवारी

आळणी भाकरी. आळणी आमटी. माती खाल्ल्यागत लागतंय. गप खाल्लं सगळं. मरत न्हाई मी.

६ जानेवारी, सोमवार

बसून बसून इचार केला. दिवस हुते तवा पण असाच एक आकडा हुता की! स्वप्नाली दर म्हयन्याला बोटाला टोचायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडायची, नीलम्मा, आठच हाय, आकडा वाढला पायजे! मग बीट खा, गूळ-शेंगदाणं खा, त्या काळ्या गोळ्या खा. आठाचं साडेनऊ झालं. साडेनऊचं अकरा झालं तवा तिनं माझ्या पाठीत थाप मारली. रक्ताचा आकडा वाढला की बाई वाचली, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरीला पण म्हाईत हाय.

मग हे पण तेच. मॅडमनी लई सांगितलं त्या दिवशी, निम्मं इंग्रजीत. हे गोळ्या आणायला खाली गेलते. मी नुसती मान हलवत हुतो, कानात धडधड धडधड, दुसरं काय ऐकूच येईना. पण आकडा बघायचा एवढं ध्यानात राहिलं.

ह्यांना सांगितलं, बीट आणा. दोन किलो आणलं! म्हणलं बघाच तुम्ही. १८४० चं दोन हजार करून दाखवतो.

९ जानेवारी, गुरुवार

आमची खोली वर हाय. सोळा पायऱ्या. लग्न हून पयल्यांदा आलो तवा पाण्याच्या घागरी पण मी एका दमात वर न्यायचो. आज बाळाला उन्हाला घेऊन खाली गेलो ते वर येताना दोनदा बसलो. खालच्या मदिना भाभी ब्लाऊज शिवत हुत्या, त्यांनी बगितलं. थोड्या वेळानं ठक ठक आवाज आला. बगतोय तर शिलाई मशीनचं स्टूल जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवलंय. वरनं गादी. म्हणाल्या, हितं बसायचं, राणीगत. कोण आलं तर म्हणायचं दरबार भरलाय.

मग त्या शिवणार कशावर बसून? इचारलं तर म्हणाल्या, मला हाय की खुर्ची, तू तुझं बघ.

एक गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतंय. आत्ती म्हणाल्या ह्या गोळीनं अंगातलं दूधच आटणार. मी म्हणलं मॅडम म्हणाली पाजायला चालतंय, मी पाजणार. आत्ती म्हणाल्या मी काय तुझ्या वाईटाची हाय व्हय. वाईटाच्या न्हाईत त्या. पण भीती वाटली की त्या भांडतात. मी पण तसाच हाय. म्हणून आमचं जमंना आणि तुटंना.

१४ जानेवारी, संक्रांत

गंगूची पयली संक्रांत. माझ्या आईचं नाव ठेवलंय तिला, गंगव्वा. आत्तींनी हलव्याचं दागिनं केलंत, गळ्यात घातलं तर तिच्या मुठीत अडकलं, सोडंचना. लई हसलो. हसलं की पण दम लागतोय. तरी हसलो.

माहेरचं कोण आलं न्हाई. माहेर म्हंजे तरी काय, आई न्हाई, अप्पा दोन वर्सापूर्वी गेलं. एक भाऊ. सिद्धाप्पा. माझा सिदू. कुरुंदवाडला आसतोय, ट्रॅक्टर चालवतोय, तालमीत जातोय. बारशापास्नं त्याचा फोन न्हाई. माझा पण न्हाई. त्यानं करावा, धाकटा तो हाय!

आत्तींनी इचारलं, भावाला दुखण्याचं कळवलंस का? मी म्हणलं, न्हाई. कशाला न्हाई? मी म्हणलं, आकडा दोन हजार झाला की कळवतो.

१८ जानेवारी, शनिवार

वाढला! ४३१०!!

रक्त सकाळी दिलतं. दुपारी ह्यांच्या फोनवर कागद आला. हे फौंड्रीतनं सुटून थेट आलं, जिना धडाधड चढलं, राणीचं स्टूल पाडलं! फोन माझ्या तोंडासमोर धरला. नीला, बघ. अठराशेचं त्रेचाळीसशे! मला खरंच वाटंना. कडंला एक इंग्रजी अक्षर ठळक काढलंय, एच. हे म्हणाले हाय म्हंजे वर, आमच्या फौंड्रीत पण माल जादा निघाला की साहेब असंच लिवतोय. खाली बारीक अक्षरात कायतरी हुतं. ते कोण वाचतंय!

आत्ती मठात जाऊन नारळ फोडून आल्या. हे पेढं घेऊन आलं, एक पुडा गल्लीला, एक पुडा मॅडमसाठी, बुधवारी दाखवायला जायचंय तवा द्यायला. हुग्गी केली, गव्हाची खीर. पापड तळलं. आणि माझ्या ताटात खर्डा, मीठ घालून! सोळा दिवसांनी! डोळ्यात पाणी आलं, तिखटानं न्हवं.

मदिना भाभी पेढा हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांची साखर वाढली की डॉक्टर वरडायचा. वाढलेलं सगळंच चांगलं आसतंय काय, आत्या? आत्ती म्हणाल्या, अगं साखर येगळी, रक्त येगळं. रक्त वाढलं म्हणून कोण मेलंय का? भाभी म्हणाल्या, ते पण खरंच. पेढा खाल्ला.

आत्ती म्हणाल्या मग आता ती लघवीची गोळी बंद कर, बरी झालीस की. मी व्हय म्हणलं. खरं लिवतो हितं. आत्तींनी सांगितलं म्हणून न्हवं. मलाच पायजे हुतं ते.

माझ्या हातानं केलं मी. बीट खाऊन. आळणी खाऊन. म्हणणार हाय मॅडमला, बघा, अंदाज!

१९ जानेवारी

झोप लागली न्हाई. आनंदानं पण लागत न्हाई म्हणत्यात.

२१ जानेवारी, मंगळवार

खोकला. आडवं हुताच येईना. पाय परत सुजलं, जोडवी बोटात रुतल्यात, साबण लावून पण निघंनात. आकडा चांगला आणि पाय वाईट. कुणाचं खरं धरायचं?

उद्या दवाखाना. ह्यांनी पेढ्याचा पुडा पिशवीत घालून ठेवलाय.

२२ जानेवारी, बुधवार

लिवू का नको. लिवतो.

आत गेलो. ह्यांनी पयल्यांदा पुडा काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी इचारलं, हे कशाबद्दल? हे म्हणाले, आकडा वाढला मॅडम. हसून म्हणाले.

मॅडमनी कागद बगितला. मग माझ्या पायाकडं बगितलं. मग पुड्याकडं. भायेर कुणाचं तरी पोर रडत हुतं.

मग ती म्हणाली, "नीलम्मा, हा आकडा कमी व्हायला पाहिजे."

मला वाटलं ती चुकून उलटं बोलली.

ती उठून माझ्या जवळ येऊन बसली, स्टुलावर. म्हणाली, हे हिमोग्लोबिन न्हाई. हृदयावर ताण आला, ते ताणलं गेलं की ते रक्तात एक रसायन सोडतंय. जेवढा ताण जादा तेवढं ते जादा. म्हंजे हृदय वरडतंय असं समज. आधी अठराशेच्या आवाजात वरडत हुतं. आता त्रेचाळीसशेच्या.

आणि आम्ही पेढं वाटलं.

ती वरडली न्हाई आमच्यावर. वरडली आसती तर बरं झालं आसतं. म्हणाली, चूक माझी पण हाय, मी लिहून द्यायला पाहिजे होतं मोठ्या अक्षरात, कमी म्हणजे चांगलं. तिनं खरंच लिवून दिलं मग. कमी म्हणजे चांगलं. खाली दोन रेघा मारल्या. गोळ्या वाढवल्या. मी इचारलं, मी मरतो का? सरळ इचारलं. ती म्हणाली, आकडा फक्त धोका किती ते सांगतो, निकाल सांगत न्हाई. गोळ्या घेतल्या की हा आकडा खाली येतो, मी लई बायकांचा आलेला बघितलाय.

पुडा तिनं घेतला न्हाई. हे मांडीवर घेऊन भायेर बाकड्यावर बसलं. खाईनात, टाकीनात. शेवटी गेटवरच्या वॉचमनला दिला. तो म्हणाला, काय पावणं, मुलगा झाला काय? हे म्हणाले, व्हय.

आयुष्यात पयल्यांदा ह्यांना खोटं बोलताना बगितलं.

२३ जानेवारी

आत्तींना काल ह्यांनी सांगितलं. आज बगतोय तर मिठाचा डबा न्हाई, लोणच्याची बरणी न्हाई, पापड न्हाईत. सगळं खाली मदिना भाभीकडं नेऊन ठेवलंय. अख्खं घर आळणी. हे पयला घास घेऊन थांबलं. आत्ती म्हणाल्या, गिळ. तिला एकटीला का?

मी म्हणलं ह्यांना फौंड्रीत भट्टीपुढं घाम जातोय, त्यांना मीठ लागतंय. आत्ती म्हणाल्या, डब्यात घालून देतो मी त्याचा त्याला. हितं ताटात न्हाई.

आज मला आत्ती लई आवडल्या. हे त्यांना कधी सांगणार न्हाई.

२६ जानेवारी, रविवार

बुधवारी मॅडम म्हणालेली परत बाळंतपण करायचं न्हाई, हृदयाला झेपणार न्हाई. ती गोष्ट आत्तींनी तीन दिवस पोटात ठेवली आणि आज भायेर काढली. हळूच. भांडी घासता घासता. म्हणाल्या, कायमचं न्हाई म्हणालीया काय ती? का दोन-तीन वर्सांनी चालंल? घराला एक मुलगा…

मी म्हणलं मुलगा पायजे आसंल तर दुसरी सून बघा, हे हृदय एकच हाय माझ्याकडं. ताट हातातनं आपटलं मी. दम लागला तरी बोललो. गंगू एक बास हाय. ती काय कमी हाय व्हय? माझ्या आईचं नाव लावलंय तिनं!

हे आतनं म्हणाले, बास म्हणालीया न्हवं, मग बास.

आत्ती म्हणाल्या, ताट चेपलं की. मी म्हणलं, चेपू दे.

२९ जानेवारी, बुधवार

२९५०.

कागद बगून कोण हललं न्हाई. मॅडमचा तो लिवलेला कागद भितीला लावलाय, कमी म्हणजे चांगलं. हे त्याच्याकडं बगतात, फोनकडं बगतात, परत त्याच्याकडं. आत्तींनी इचारलं, कमी झालाय? व्हय. कमी म्हंजे चांगलं न्हवं? व्हय आत्ती. परत कागदाकडं बोट करून, त्यावर तसंच लिवलंय न्हवं? व्हय की ओ!

मग त्या देवापुढं जाऊन बसल्या. पेढं कुणी आणलं न्हाईत. आता कोण आणणार न्हाई पेढं.

पायातली जोडवी फिरायला लागली. रात्री दोन उशांवर झोपलो — दोन तास! बघ म्हणलं हृदयाला. वरड किती वरडायचं ते.

१ फेब्रुवारी, शनिवार

स्वप्नालीनं तिच्या फोनवर एक फोटो दाखवला, तिच्या माहेरच्या गावचा. कुरुंदवाडच्या शेजारचं गाव. जत्रेचा फ्लेक्स लागलाय, आठ तारखेला कुस्त्यांचं मैदान. आणि फ्लेक्सवर सिदू! हाताची घडी घालून, छाती फुगवून. खाली लिवलंय पैलवान सिद्धाप्पा. दुसऱ्या नंबरची कुस्ती त्याची. हा तुझाच भाऊ न्हवं, नाक तुझंच हाय, म्हणाली.

ती गेल्यावर फोटो डोळ्यापुढनं हलंना.

हितं कुणी वाचणार न्हाई. म्हणून लिवतो.

तो झाला तवा मी चार वर्सांची. तो अडीच म्हयन्याचा आसताना आई गेली. गावात सगळी म्हणायची पोरानं आईला खाल्लं. त्याच्या तोंडावर म्हणायची. विहिरीवर, लग्नात, शाळेत. मी त्या बायकांना दगड मारलेत. एकीचं डोकं फोडलंय. सातवीतनं शाळा सोडली ती त्याला सांभाळायला. त्याला अक्का म्हणायला मी शिकवलं, तवा तो माझ्याच काखेत बसलेला आसायचा.

बारशाला पाळणा माहेरचा पायजे. त्यानं आमचाच जुना पाळणा आणला, सागवानी, ज्यात आम्ही दोघं पण झोपलेलो. एकट्यानं ट्रॅक्टरला बांधून. वर चढवताना मधल्या वळणावर तो बसला. पाळणा पायाशी, डोकं गुडघ्यात. वर बायका जमलेल्या, नाव ठेवायची वेळ हुईत आली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत्ती वरनं म्हणाल्या, पैलवानाच्या घरचा पाळणा आज येतोय का पुढच्या वर्सी येतोय? सगळ्या हसल्या. मला लाज वाटली. मला त्याची लाज वाटली. आणि मी जिन्यात येऊन, सगळ्यांच्या देखत, म्हणालो:

"आईला खाऊन आलायस, तरी सोळा पायऱ्यांचा दम न्हाई तुझ्यात?"

मी म्हणालो हे. मी.

त्यानं माझ्याकडं बगितलं. उठला, भिंतीला हात लावत खाली गेला. घुगऱ्या पण खाल्ल्या न्हाईत. पाळणा ह्यांनी वर आणला.

आज लावला फोन. एक रिंग वाजती आणि कट. ह्यांच्या फोनवरनं पण तसंच. आमचं दोन्ही नंबर त्याच्या फोनवर बंद केल्यात त्यानं. कुणाच्या तिसऱ्याच्या फोनवरनं केला तर उचलंल, ट्रॅक्टरचं भाडं आसतंय म्हणून अनोळखी नंबर पयल्या रिंगला उचलतोय तो. पण मी काय लोकांच्या फोनवरनं पाया पडू व्हय? मी चुकलो, ते खरं. त्यानं पण एकदा अक्का म्हणावं की!

बरी हुतो आणि जातो कुरुंदवाडला. तोंडावर जाऊन बोलतो. तोवर न्हाई.

४ फेब्रुवारी

गंगूला सर्दी. मला पण लागली. ताप. परत भितीला टेकून.

५ फेब्रुवारी, बुधवार

६९८०. दवाखान्यात ठेवून घेतलं.

मॅडम म्हणाली सर्दी-तापानं हृदयावर भार पडलाय, मधनं असं हुतंय. काही दिवस हितं राहायचं. हातात सुई. नाकात नळी. गंगू आत्तींकडं, वरच्या दुधावर. जाताना आत्तींनी तिचा पाय माझ्या गालाला लावला. म्हणाल्या, आकडा खाली आण आणि ये. जसं काय बाजारातनं भाजी आण.

आणतो म्हणलं.

हितं पलीकडच्या खाटेवर एक आजी हायत कागलच्या. त्यांनी इचारलं, तुझा किती? म्हणलं एकोणसत्तरशे. त्या म्हणाल्या, माझा बारा हजार, आणि चार वर्सं झाली. तू काय मटक्याचा आकडा आसल्यागत घाबरतीस? हसलो. नळी निघाली हसताना, सिस्टर वरडली.

बारा हजार आणि चार वर्सं. ऐकलंस का वही? आकड्याला काय कळतंय!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मॅडम कागद घेऊन बसली. घरात कुणाला हृदयाचं हुतं का? मी म्हणलं न्हाई. वडील? दारूनं गेलं. आई? मी म्हणलं बाळंतवातानं. माझा भाऊ अडीच म्हयन्याचा हुता.

तिनं पेन थांबवलं. म्हणाली, आठवतंय का काही, कशा गेल्या?

चार वर्सांची हुतो, काय आठवणार. पण एक आठवतंय. आई रात्री झोपायचीच न्हाई. भितीला टेकून बसलेली आसायची, सिदू मांडीवर. मी उठलं की ती जागीच. मला वाटायचं आया झोपतच नसत्यात. आणि तिच्या पायावर मी बोट दाबायचो. खड्डा पडायचा. मी खेळायचो त्या खड्ड्यासंगं.

हे मी मॅडमला सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याच पायाकडं बगितलं.

मॅडम बराच वेळ लिवत बसली. मग इचारलं, भाऊ किती वर्सांचा? एकवीस. काय करतो? म्हणलं पैलवान हाय, दणदणीत हाय. त्याला कधी दम लागतो? चक्कर? पाय सुजतात?

मी न्हाई म्हणणार हुतो.

जिना. मधलं वळण. डोकं गुडघ्यात.

मॅडमला सांगितलं. ती म्हणाली उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांशी बोलून सांगते. रात्री दम लई वाढला, मास्क लावला. लिवायला पण उठून बसावं लागतंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तोंडावर मास्क हाय, बोलता येईना. लिवता येतंय. मला आत्ता आतल्या मशीनच्या खोलीत नेतायत. हे खाली सही करायला गेल्यात, फोन त्यांच्याजवळ. त्यांना हे म्हाईत न्हाई. वही उघडी खाटेवर ठेवतो, सिस्टर नायतर ज्याला गावंल त्याच्यासाठी. हात मोडीन म्हणलेलं, ते सोडा. वाचा. हेच पान वाचा.

मॅडम आत्ता सांगून गेली. हे दुखणं आमच्या रक्तात आसंल. आईला तेच हुतं. सिदूला आसू शकतंय. त्याच्या हृदयाचा फोटो, रक्त, सगळं बघितल्याशिवाय त्यानं जोर लावायचा न्हाई, आखाड्यात न्हाई, कुठंच न्हाई. उद्या त्याची कुस्ती हाय.

पयल्या पानावर नंबर हाय, सिद्धाप्पा. तुमच्या फोनवरनं करा, आमचा तो उचलत न्हाई. ट्रॅक्टर पायजे म्हणा आधी. मग सांगा. उद्या उतरायचं न्हाई. अक्कानं शपथ घातलीया. आणि सांगा आईला तू खाल्लं न्हाईस. तिचं हृदय दमलं हुतं, तवा आकडा बघणारं कोण न्हवतं. अक्का खोटं बोलली जिन्यात.

माझं काय ते मी बगतो. आधी त्याला फोन लावा.